रँच घर बाहेरून कसं खुलवायचं: साउथ बेमधल्या आपल्या ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दक्षिण टोकाला, म्हणजे साउथ बेमधल्या सनीवेल, कुपर्टिनो, सॅन होजे आणि शेजारच्या फ्रिमाँट या भागात आपल्या मराठी लोकांनी घेतलेली बरीचशी घरं १९५० ते १९७० च्या मधली रँच घरं आहेत. एकमजली, लांबट, कमी उताराचं छप्पर, हॉलला मोठी काच आणि गॅरेज घरालाच चिकटलेलं. आम्ही नवरा-बायको आणि आमची चार माणसांची टीम अशाच घरांच्या पुढच्या भागाचं काम करतो, म्हणजे इकडे ज्याला कर्ब अपील म्हणतात ते.

पहिल्या भेटीत बहुतेक जण एकच सांगतात, घर आतून मस्त आहे हो पण बाहेरून फार बसकं वाटतं, जरा उंची द्या त्याला. आणि आम्ही तिथेच थांबवतो, कारण रँच घराची खरी मजा त्या लांबीतच आहे. १९३० च्या दशकात सॅन डिएगोच्या क्लिफ मे यांनी अशी घरं बांधायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे कॅलिफोर्नियातली जुन्या स्पॅनिश-मेक्सिकन रँचोंची, म्हणजे गुरांच्या मोठ्या मळ्यांची घरं होती, जमिनीलगत पसरलेली, पुढे लांब छपराची सावली. आपल्याकडच्या पडवीच्या घरात जो निवांतपणा असतो ना, तसंच काहीसं. त्यामुळे दारावर खोटा त्रिकोण चढवा, दोन जाड खांब लावा, खिडकीच्या दोन्ही बाजूला न उघडणारी शटर्स, म्हणजे शोभेच्या झडपा ठोका असली कामं आम्ही घेत नाही. मोठ्या काचेच्या बाजूला एक-एक फुटाची शटर्स लावली की घर आणखीनच बारकं दिसतं, आहेत ती काढून टाकली तरी अर्धा फरक पडतो.

आधी रस्ता ओलांडून समोर उभे राहा आणि एक फोटो काढा, मग तो फोनमध्येच ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. नजर पहिली कुठे जाते? दहातल्या आठ घरांत गॅरेजच्या दारावर, असा आमचा अनुभव. डबल गॅरेजचं दार १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतं, ते पांढरं आणि भिंत बेज असली की घराचा दरवाजा शोधावा लागतो. उपाय अगदी साधा आहे, गॅरेजचं दार भिंतीच्याच रंगाचं करा आणि उठून दिसणारा रंग ठेवायचा तो फक्त घराच्या दाराला. गडद हिरवा, विटकरी, आपला हळदीचा पिवळासुद्धा छान दिसतो. छपराच्या कडेची फळी आणि पन्हळ एकाच गडद रंगात घेतली की घरभर एक सलग आडवी रेघ तयार होते आणि घर ऐसपैस वाटायला लागतं.

रंगाबद्दल दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगतो. खालच्या भागाला खरी वीट असेल तर तिच्यावर ऑइल पेंट किंवा साधा पेंट मारू नका, एकदा मारला की वीट परत मिळत नाही, फारच नको वाटत असेल तर चुन्याचा पातळ हात द्या. आणि घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे घासायच्या आधी टेस्ट करून घ्या आणि त्या कामाचं सर्टिफिकेट असलेलाच माणूस बोलवा. घरात लहान मुलं रांगत असतील तर यात अजिबात तडजोड नको.

दारापर्यंतची वाट

आमच्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे घालावेत आणि लोक नेमके इथेच हात आखडतात. मूळ बिल्डरने ड्राइव्हवेच्या कडेने जेमतेम ३ फुटांची सिमेंटची पट्टी दिलेली असते, ती पार्क केलेल्या गाडीला वळसा घालून दाराशी जाते, म्हणजे पाहुणा एकटाच पुढे आणि बाकीचे रांगेत मागे. वाट साडेचार ते पाच फूट करा म्हणजे दोघं शेजारी शेजारी गप्पा मारत येतील, आजी-आजोबा इंडियाहून आले की हात धरून नेता येईल, आणि जमलं तर ती थेट फुटपाथपासून सुरू करा. दारापुढे छपराखाली जी जागा आहे ती पाच-सहा फूट खोल केली की तिचा छान ओटा होतो. चपला काढायला बाक, तुळशीला जागा, रांगोळीसाठी एक गुळगुळीत फरशी, हे सगळं आम्ही आखतानाच धरतो, कारण नंतर ते कुठेतरी कोंबावं लागतं.

फरशी टाकताना पाणी घरापासून लांब गेलं पाहिजे, दहा फुटांना साधारण अडीच इंच उतार. स्टकोचा, म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या गिलाव्याचा, खालचा काठ फरशीपासून किमान २ इंच आणि मातीपासून ४ इंच वर राहायला हवा. आम्ही बघितलेल्या कितीतरी घरांत आधीच्या कोणीतरी माती आणि लाकडाचा भुसा भिंतीवर पार वरपर्यंत चढवलेला होता, दिसायला छान, पण आत ओल आणि वाळवी. खणायच्या आधी ८११ ला फोन करून गॅस-विजेच्या लाइन्स मार्क करून घ्यायच्या, तो फोन फुकट असतो.

लॉन आणि झाडं

इथे उन्हाळाभर पाऊस नसतो, म्हणून हिरवंगार लॉन ठेवणं म्हणजे पाणी ओतत राहणं. लॉन काढायला वॉटर डिस्ट्रिक्टकडून (इथलं पाणी खातं) रिबेट मिळतं, म्हणजे काही पैसे परत मिळतात, पण अर्ज आणि त्यांची मंजुरी आधी, काम नंतर. उत्साहात लॉन उपटून मग अर्ज केला तर पैसे जातात. गवत मारायला विष लागत नाही, बारीक कापून भिजवायचं, वर पुठ्ठे एकमेकांवर सहा इंच चढवून पसरायचे, त्यावर कंपोस्ट आणि तीन-चार इंच मल्च, म्हणजे लाकडाच्या ढलप्यांचा थर. फक्त बर्म्युडा गवत असेल तर ते एवढ्याने मरत नाही, त्याची मुळं आधी खणून काढावी लागतात, त्याला वेळ द्या.

झाडं लावायचा खरा सीझन ऑक्टोबर-नोव्हेंबर, पावसाच्या तोंडावर, आपल्याकडे मृगाला पेरणी करतात तसंच. प्रत्येक प्रकारचं एक-एक झाड आणून नर्सरीचं प्रदर्शन करू नका, एकाच जातीची पाच-सात सलग लावा म्हणजे घराची आडवी रेघ जमिनीवरही चालू राहते. डिअर ग्रास, निळ्या फुलांची वासाची क्लीव्हलँड सेज, फूटभर उंचीत पसरणारी एमराल्ड कार्पेट मांझनिटा ही आमची आवडती. कॅलिफोर्निया फुशिया उन्हाळा संपताना लाल फुलते आणि हमिंगबर्ड यायला लागतात, मुलं खिडकीतून हलत नाहीत! सिअनोथस हे इथलं रानझुडूप लावलात तर एकदा रुजल्यावर उन्हाळ्यात पाणी देऊ नका, प्रेमाने घातलेल्या पाण्यानेच ते मरतं. मोठ्या काचेखाली जे लावाल त्याची वाढलेली उंची खिडकीच्या खालीच राहिली पाहिजे, नाहीतर पाच वर्षांनी हॉलमध्ये अंधार. मोठं झाड एकच आणि ते घराच्या एका टोकाला, समोर मधोमध नको. वेस्टर्न रेडबड या घरांच्या मापाला बरोबर बसतं. फुटपाथलगतच्या झाडाला मात्र सिटीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

मोगरा, जास्वंद पाहिजे असतेच, आम्हालाही पाहिजे असते. ती कुंडीत, दक्षिणेच्या भिंतीजवळ ठेवा, डिसेंबर-जानेवारीच्या दहिवरात झाकता येतात. कढीपत्त्यावर लिंबाच्या झाडांचा रोग पसरवणारा सिलिड किडा वाढतो, म्हणून कॅलिफोर्नियात बऱ्याच ठिकाणी तो हलवायला निर्बंध आहेत, एलएच्या मैत्रिणीकडून गाडीत घालून आणू नका, लायसन्सवाल्या नर्सरीतूनच घ्या.

दिवे, नंबर, सणवार

घराचा नंबर निदान ४ इंच उंच आणि रात्री रस्त्यावरून वाचता येईल असा, ॲम्ब्युलन्सला सापडलं पाहिजे. वाटेला १२ व्होल्टचे मंद पिवळे दिवे, २७०० केल्विनचे, मोजकेच. छपराखाली एक हुक आणि जवळ बाहेरचा प्लग आम्ही आकाशकंदिलासाठी आवर्जून देतो. गुढीचंही तसंच, छपराची कड कमी उंचीवर असल्यामुळे काठी वर अडते, म्हणून ओट्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात काठी बसेल अशी नळी फरशीतच बसवून देतो, वर झाकण.

पैसे देण्याआधी

आमच्याकडे काम द्या किंवा दुसऱ्याकडे, कॅलिफोर्नियात माणसाचं लायसन्स सीएसएलबीच्या, म्हणजे राज्याच्या कंत्राटदार लायसन्स बोर्डाच्या साइटवर तपासा, लँडस्केपला सी-२७ आणि रंगकामाला सी-३३. ॲडव्हान्स म्हणून कराराच्या १० टक्के किंवा १००० डॉलर, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त कायद्याने मागता येत नाही, ओळखीचा असला तरी. घर आयक्लर या जुन्या बिल्डरने बांधलेलं असेल तर आधी सांगा, सनीवेलमध्ये त्या घरांसाठी सिटीच्या वेगळ्या डिझाइन गाइडलाइन्स आहेत.

बजेट एकदम नसेल तर पहिल्या वर्षी गॅरेज आणि दाराचा रंग, नंबर आणि शटर्स काढणं, दुसऱ्या वर्षी वाट आणि ओटा, त्या ऑक्टोबरात झाडं. झाडं आधी आणि वाट नंतर असं करू नका, मशीन त्यांच्यावरूनच जातं. भेटीला आम्ही पैसे घेत नाही, समोरून काढलेला तो फोटो आणि उन्हाळ्यातलं एक पाण्याचं बिल काढून ठेवा, आणि शक्यतो संध्याकाळी बोलवा, पश्चिमेचं ऊन काचेवर किती येतं ते तेव्हाच कळतं.