हातचा एक : ‘द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन’मागची पार्श्वभूमी

2005 सालचा हा चित्रपट पाहिलेल्या बहुतेकांची समजूत अशी होते की, न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिलमधून एक म्हातारा गृहस्थ एकदाच अमेरिकेला गेला, बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्याने जुन्या मोटरसायकलवर ताशी 200 मैलांचा वेग गाठला आणि विक्रम खिशात घालून तो घरी परतला. प्रत्यक्षात बर्ट मन्रो दहा वेळा तिथे गेले. पहिली खेप तर नुसती मैदान बघायला होती. त्यांचे विक्रम झाले 1962, 1966 आणि 1967 या तीन वर्षी, आणि शेवटच्या विक्रमाच्या वेळी त्यांचं वय होतं 68. चित्रपटाने ही सगळी वर्षं एका प्रवासात बसवली. दोन तासांत गोष्ट सांगायची तर तसं करावं लागतं, पण त्यामुळे 1967 चा ऑगस्ट जवळजवळ अदृश्य झाला. या माणसाची खरी कामगिरी तर त्याच ऑगस्टमधली आहे.

गाडीचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातली ही 1920 ची ‘इंडियन’ या ब्रँडची स्काउट मोटरसायकल; चित्रपटाच्या नावातला ‘इंडियन’ तो हाच. इंजिन 600 सीसीचं, वेग जेमतेम ताशी 55 मैल. मन्रो यांनी ती नवीकोरी घेतली आणि हयातभर तिच्यात फेरफार करत राहिले. न्यूझीलंडमधला त्यांचा पहिला वेगविक्रम 1938 चा. 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्णवेळ याच कामाला वाहून घेतलं. पैसा बेताचा असल्यामुळे पिस्टन घरीच ओतायचे, त्यासाठी जुने डबे साचा म्हणून वापरायचे. मायक्रोमीटरचं काम चाकाच्या जुन्या स्पोकवर भागायचं. मोडलेले भाग टाकून न देता ते एका फळीवर मांडून ठेवत. वेगाच्या देवाला वाहिलेल्या त्या वस्तू होत्या, असं त्या फळीवर लिहिलेलं असे. इंजिनाची क्षमता वाढत वाढत 950 सीसीपर्यंत गेली. स्प्रिंगफील्डमधलं उत्पादन 1953 मध्येच थांबलं होतं. म्हणजे 1962 मध्ये मन्रो मिठावर उतरले तेव्हा त्यांच्या गाडीचा कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली होती.

आता आकड्यांकडे वळू, कारण घोटाळा तिथेच होतो. 1962 चा विक्रम ताशी 178.95 मैलांचा, तर 1966 चा 168.07 मैलांचा. चार वर्षांत वेग कमी झाला असं यावरून वाटेल, पण दोन्हींचे वर्ग वेगळे आहेत. पहिला 883 सीसीच्या गटात, इंजिन 850 सीसीचं करून. दुसरा 1000 सीसीच्या गटात, 920 सीसीच्या इंजिनावर. पुढच्याच वर्षी याच मोठ्या गटात त्यांनी आपलाच आकडा मागे टाकला, तो अधिकृत नोंदीत 183.586 मैल असा लिहिला गेला. त्याच वर्षी पात्रता धावेत एका दिशेने 190.07 मैलांची अधिकृत नोंद झाली. याशिवाय 205.67 मैलांचाही एक आकडा सांगितला जातो. वेळ मोजली गेली, पण विक्रम म्हणून धरली गेली नाही, अशी ती धाव. चित्रपटातला 200 च्या वरचा वेग याच शेवटच्या आकड्याच्या जवळ जातो, आणि प्रेक्षक तोच विक्रम समजून बसतात.

विक्रम धरायला दोन धावा लागतात. ठरलेल्या मुदतीत एक जाताना, एक उलट दिशेने येताना, आणि मग दोन्हींची सरासरी. एका दिशेला वारा पाठीशी असेल, तर परतताना तो तोंडावर येतो. हा नियम रास्त आहे, आणि एकेरी धावेचा कितीही मोठा आकडा विक्रमाच्या रकान्यात न टाकण्याची शिस्तही मला योग्यच वाटते. मात्र अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन या ज्या संस्थेने ही शिस्त सांभाळली, तिच्याच कागदावर बेरीज चुकली होती. 1967 च्या दोन धावा होत्या 184.710 आणि 183.463. यांची सरासरी कोणालाही काढता येईल : 184.0865. तरीही नोंद झाली 183.586.

जवळपास अर्ध्या मैलाचा हा फरक आला कुठून? आंतरराष्ट्रीय विक्रमांत वेगाची नव्हे, लागलेल्या वेळेची सरासरी काढतात, त्यामुळे कदाचित उत्तर बदललं असेल, असं आधी मनात येतं. तशी सरासरी काढली तर येतात 184.084. मग तेही कारण नव्हे. पण दशांशाचे भाग वेगळे करून पाहा. 710 आणि 463 यांची बेरीज 1173. त्यातला हातचा एक पुढे न्यायचा राहिला, तर एकूण बेरीज 368.173 ऐवजी 367.173 होते. तिचं अर्धं 183.5865. नोंदलेल्या आकड्याशी हे तंतोतंत जुळतं. 184 च्या जागी 183 वाचलं गेलं असेल तरी उत्तर हेच येतं. मैदानावर काय घडलं याबद्दलचा हा माझा तर्क आहे, पण आकडे इतके चपखल बसतात की दुसरं कारण शोधावंसं वाटत नाही.

ही चूक 47 वर्षं कोणाच्या नजरेस आली नाही. मन्रो 1978 मध्ये वारले. 2014 मध्ये त्यांच्या मुलाने जुन्या नोंदी तपासताना ती पकडली. संस्थेने आकडा दुरुस्त करून 184.087 केला, म्हणजे ताशी सुमारे 296.26 किलोमीटर. इतक्या जुन्या नोंदीला हात लावावा का, असं विचारता येईल. अर्ध्या मैलाने कोणाचं स्थान बदललं नाही, कोणाचं पदक गेलं नाही. तरी ही दुरुस्ती आवश्यकच होती. वेगविक्रमात दुसरा पुरावाच नसतो. पंचांचं मत नाही, गुण नाहीत, आहे ती फक्त वेळ आणि तिचं गणित. तेच चुकीचं ठेवलं, तर अख्ख्या नोंदवहीवर भरवसा कसा ठेवायचा?

या वेगाची आणखी एक बाजू आहे. त्याच 1967 मध्ये एका धावेत निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावर गाडी डगमगू लागली. वेग कमी करण्यासाठी मन्रो ताठ बसले, तर वाऱ्याने त्यांचा गॉगल उडवला. काही दिसेनासं झालं, मार्गाच्या खुणेचा लोखंडी खांब थोडक्यात चुकला आणि अखेर त्यांनी गाडी आडवी पाडली. खरचटण्यापलीकडे फारसं काही झालं नाही. चित्रपटाच्या अखेरची घसरण पाहून ही अतिशयोक्ती वाटू शकते. ती नाही.

दिग्दर्शकाने मन्रो यांच्यावर पहिल्यांदा कॅमेरा लावला तो 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, एका माहितीपटासाठी. त्यानंतर कथापटाला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. नावाचं पुनरुज्जीवनही त्यानंतर झपाट्याने झालं : 2006 मध्ये अमेरिकेतल्या मोटरसायकलपटूंच्या मानाच्या यादीत समावेश, त्याच वर्षापासून इन्व्हरकार्गिलमध्ये त्यांच्या नावाच्या शर्यती. ओरेटीचा समुद्रकिनारा हे त्यांचं सरावाचं ठिकाण, त्यामुळे वाळूवरची शर्यतही त्यात आली. ती जुनी गाडी शहरातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात पाहायला मिळते. ‘इंडियन’ हा ब्रँड 2011 मध्ये नव्या मालकांकडे गेला, आणि विक्रमाच्या पन्नाशीला, 2017 मध्ये, मन्रो घराण्यातल्याच एका तरुण पिढीच्या स्वाराला त्यांनी नवी स्काउट देऊन बॉनव्हिलला उतरवलं. त्याने 186 मैलांचा टप्पा ओलांडला.

मैदान मात्र बिघडत चाललं आहे. मिठाचा थर पातळ होत गेला आहे. पोटॅशच्या खाणकामाला त्याचा दोष दिला जातो, आणि मीठ पुन्हा मैदानावर सोडण्याचे प्रयोगही झाले आहेत. ऑगस्टमध्ये तिथे भरणारा वेगाच्या स्पर्धांचा ‘वेगसप्ताह’ 2014 आणि 2015 अशी सलग दोन वर्षं रद्द झाला, 2022 मध्ये पुन्हा. मन्रो यांच्या विक्रमाची दुरुस्ती झाली, त्या वर्षी तिथे त्या सप्ताहात एकही गाडी धावली नाही.