जिमसाठी ॲप घेताय? आधी बघा, मोजणारं हवंय की लिहून ठेवणारं

जिम लावलं की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, ॲप कुठलं घेऊ? मग एकजण सांगतो स्ट्राव्हा घे, नाहीतर गूगल फिट वापर, दुसरा म्हणतो हेवी किंवा स्ट्राँग घे. या सगळ्यांनाच आपण वर्कआउट ट्रॅक करायचं ॲप म्हणतो आणि गोंधळ तिथेच होतो, कारण ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या प्रकारचं ॲप तुमची हालचाल मोजतं, म्हणजे किती चाललात, किती पळालात, ठोके किती पडले, अंदाजे कॅलरी किती गेल्या. दुसऱ्या प्रकारचं ॲप म्हणजे मुळात वही. स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका), ४० किलो, १० रेप्स (म्हणजे सलग १० वेळा) असं तुम्हीच लिहायचं, आणि पुढच्या लेग डेला, म्हणजे पायांच्या व्यायामाच्या दिवशी, ते तेच तुमच्यासमोर ठेवतं.

मी पुण्यात सहकारनगरला एका बेसमेंटमधल्या जिममध्ये जाते. पहिले चार महिने नुसतं मनगटावरचं मोजणारं स्मार्ट घड्याळच बघत होते, रोज कॅलरीचा आकडा छान यायचा त्यामुळे सगळं नीट चाललंय असंच वाटायचं. स्क्वॉट मात्र ४० किलोच्या पुढे सरकतच नव्हता. ट्रेनर विचारायचा, "ताई, मागच्या वेळी किती टाकलेलं?" मी म्हणायचे ४० असेल बहुतेक, की परत ४०च लागायचे. किती रेप्स झाले होते, शेवटचा सेट, म्हणजे रेप्सची शेवटची फेरी, जड गेला होता का, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं. चार महिन्यांची मेहनत अशी जागच्या जागी राहिली याचं मला अजून वाईट वाटतं.

ताकद वाढते ती वजन थोडं थोडं वाढवत नेल्याने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांना अशाच चढत्या वजनाने व्यायाम द्यायचे. आता चढतं ठेवायचं तर कालचा आकडा माहीत पाहिजे, आणि तो घड्याळाकडे नसतो. रॉडला २० लावलेत का ६० हे मनगटाला कुठून कळणार? त्यात मूठ घट्ट आवळली, मनगट वाकलं की ठोक्यांचं रीडिंगही गडबडतं. कॅलरीचं तर सोडूनच द्या, २०१७ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी ७ घड्याळं तपासली तेव्हा ठोके बहुतेकांनी बरे दाखवले, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं घड्याळसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के! त्या आकड्यावर विश्वास ठेवून एक वडापाव जास्त खाऊ नका.

म्हणून मोजणारं ॲप वाईट असं अजिबात नाही. तळजाईला पळायला जात असाल, वेताळ टेकडी चढत असाल, तर तेच हवं, तोच चढ मागच्या महिन्यापेक्षा किती कमी वेळात झाला हे जीपीएसवर स्वच्छ दिसतं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणाऱ्यांनाही तेच उपयोगी. फक्त जिमच्या वहीचं काम त्याला सांगू नका.

वहीवालं ॲप निवडताना माझी एकच परीक्षा आहे. हात घामेजलेले, दोन सेटच्या मध्ये दीड मिनिट, अशा वेळी व्यायामाचं नाव दाबल्यावर मागच्या वेळचे आकडे त्याच स्क्रीनवर दिसतात का? त्यासाठी मागे जाऊन हिस्टरी उघडावी लागत असेल तर दुसऱ्या आठवड्यात तुम्ही लिहिणं सोडणार. दुसरं म्हणजे नेटशिवाय चाललं पाहिजे, आमच्या बेसमेंटमध्ये रेंजच नसते. हेवी आणि स्ट्राँग फुकट वापरता येतात पण फुकटात रुटीन, म्हणजे त्या त्या दिवसाच्या व्यायामांच्या याद्या, मोजकीच बनवता येतात, आठवड्याचे तीन-चार दिवस ठरलेले असतील तर तेवढं पुरतं. अँड्रॉइड असेल तर फिटनोट्स साधं आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत. तिन्हींतून डेटा बाहेर काढता येतो, हे नक्की बघा, नाहीतर उद्या ॲप बदललं की वर्षभराची वही गेली.

यातल्या काही ॲपमध्ये अंदाजे वन रेप मॅक्सचा, म्हणजे एकदाच उचलायचं तर जास्तीत जास्त किती वजन उचलाल त्याचा, ग्राफ असतो, तो मला फार आवडतो. वजनाला रेप्सने गुणायचं, ३० ने भागायचं आणि ते मूळ वजनात मिळवायचं, एवढंच गणित. ४० किलोने १० मारले तर येतात ५३.३, आणि ४२.५ ने ८ मारले तर ५३.८. रेप्स कमी झाले म्हणून मन खट्टू होतं, पण ताकद वाढलेली असते.

आणि रॉडचं वजन धरून लिहा. ऑलिंपिक रॉड २० किलोचा असतो पण सगळ्या जिममध्ये तोच असतो असं नाही, ट्रेनरला एकदा विचारून घ्या. मशिनवर आकडे पाउंडात असतील तर तसं सेटिंग करा, १०० पाउंड म्हणजे ४५ किलोच होतात.