वळणावरची कटकट आणि वेगातली घरघर: एक्सल की बेअरिंग?

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. एका गॅरेजात दाखवली, तर 'बेअरिंग गेलंय' म्हणून बदलून दिलं. पैसे भरून निघालो, कुडाळ बाजारात गाडी वळवायला स्टेअरिंग पूर्ण मारलं आणि पुन्हा तेच, कट-कट-कट. बेअरिंगला काहीच झालं नव्हतं. झिजला होता तो एक्सलचा जॉइंट.

शेवटी गावातल्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. मी 'डावीकडून, खालून, थोडं पुढून' असं सांगायला लागलो तसा त्यांनी हात वर केला. "आवाज खंयसून येता ता माका सांगू नको. कधी येता ता सांग." या दोन बिघाडांमधला सगळा फरक त्या एका प्रश्नात आहे. तो आधी विचारला असता तर माझं एक बेअरिंग वाचलं असतं.

गोंधळ होतो त्याला कारण आहे. एक्सलचं दातेरी टोक चाकाच्या हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या तुकड्यातून जातं, हब बेअरिंगमध्ये फिरतो, आणि या सगळ्यांना मधोमध एकच मोठा नट आवळून धरतो. जागा एकच, त्यामुळे आवाज 'कुठून' येतो हे ऐकून काहीच ठरत नाही. पण कामं वेगळी आहेत. बेअरिंग गाडीचा भार पेलतं. एक्सल इंजिनची ताकद चाकापर्यंत नेतो, आणि चाक वळलेलं असतानाही ती पोचावी म्हणून त्याच्या बाहेरच्या टोकाला सीव्ही जॉइंट असतो. या जॉइंटमध्ये खाचांत बसवलेल्या गोळ्या असतात. गाडी सरळ जाताना त्या जवळपास एका जागी असतात. स्टेअरिंग मारलं की खाचेत पुढे-मागे सरकतात. खाच झिजून खड्डा पडला असेल तर प्रत्येक फेऱ्याला गोळी त्यात आपटते. तीच ती कटकट.

म्हणून एक्सल तपासायला वेग लागत नाही. देवळासमोरचं पटांगण किंवा रिकामा सडा, म्हणजे कातळाचा माळ, पुरतो. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण मारा, पहिल्या गिअरवर हळूहळू रेस देत गोल फिरा, मग दुसऱ्या बाजूला तसंच. काचा खाली ठेवा. जवळ जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण असेल तर त्याला धरून फिरा, चाकाचा आवाज दगडावर आपटून थेट कानात येतो. रेस दिली की कटकट वाढते आणि सोडली की मंदावते, तर संशय एक्सलवर.

बेअरिंगला मात्र मोकळा रस्ता हवा. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरी झालेल्या पट्ट्यात ५०-६०च्या पुढे गेलात की घूंऽऽ अशी घरघर सुरू होते आणि वेगाबरोबर चढत जाते. रस्ता रिकामा पाहून गिअर न्यूट्रलला टाका. इंजिन शांत झालं तरी घरघर तशीच राहिली, तर ती ताकदीची नाही, फिरण्याची आहे. मग गाडी हलकेच उजवीकडे झुकवा. भार डाव्या चाकांवर जातो, आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर. घाटात हे आपोआप कळतं, एका बाजूच्या वळणांना घरघर आणि दुसऱ्या बाजूला शांतता. फक्त टायरची खात्री आधी करून घ्या. वेडावाकडा झिजलेला टायर हुबेहूब असाच घुमतो. पुढचे टायर मागे टाकल्यावर आवाजही मागे गेला, तर बेअरिंगला हात लावू नका.

कानाने ठरवलेलं डोळ्याने आणि हाताने पक्कं करायचं. एक्सलच्या जॉइंटवर पेटीच्या भात्यासारखं घड्यांचं रबरी आवरण असतं, त्याला बूट म्हणतात. मेस्त्रींनी माझ्या गाडीचं चाक पूर्ण वळवून मागून टॉर्च मारला. बुटाच्या मधल्या घडीत बोटभर चीर, आणि रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोल उडालेले. बोटाने थोडं ग्रीस काढून अंगठ्यावर चोळलं, तर तांबड्या मातीची कचकच लागली. "बूट फाटलो हा, ग्रीस सगळा भायर इला." खरं तर गाडी धुताना महिन्यातून एकदा वाकून पाहिलं असतं तर मला हे कधीच दिसलं असतं. बेअरिंगसाठी गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावायचा, चाक वर-खाली धरून हलवायचं आणि फिरवताना दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून तळहाताला जाणवते. चाक डुगडुगत नाही म्हणून बेअरिंग चांगलं, असं समजू नका. डुगडुग पुष्कळ उशिरा येते.

दुरुस्तीतही गल्लत चालत नाही. बूट नुकताच फाटलाय आणि कटकट अजून नाही, तर जॉइंट धुऊन नवं ग्रीस, नवा बूट आणि क्लिपा, एवढ्यावर भागतं. कटकट सुरू झाली की ग्रीस भरून काही दिवस शांतता मिळेल, खाच भरून येणार नाही. जॉइंट किंवा अख्खा एक्सल बदलायचा. एक्सल ओढताना गिअर ऑइल सांडतं, तेव्हा ऑइल सील तपासून घ्या आणि ऑइल पुन्हा मापात भरल्याची खात्री करा. आपल्या खाऱ्या हवेत एक्सलचे दाते हबमध्ये गंजून बसतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवावं, आणि ठोकायची वेळ आलीच तर जुना नट टोकावर ठेवून, नाहीतर आटे मरतात.

बऱ्याच गाड्यांत बेअरिंग प्रेसवर बसवावं लागतं. नकलमध्ये, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या लोखंडी घरात बसवताना दाब बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावरच हवा. आतल्या कड्यावर दिला किंवा हातोड्याने ठोकलं तर बेअरिंगमधल्या गोळ्यांचे वण कड्यांवर उमटतात आणि नवं बेअरिंग लवकरच घुमायला लागतं. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकी कडं असतं, ते चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडेच हवं. दोन्ही कामांत मधला नट नवा घ्या आणि कंपनीने दिलेल्या मापाला टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने आवळून घ्या. तो सैल राहिला तर चांगलं बेअरिंगही मरतं.

हे सगळं पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांचं. आंब्याच्या पेट्या नेणारी बोलेरो पिकअप किंवा इको मागच्या चाकांवर चालते, तिथे वळणावर कटकट आली तर तपास निराळा.

घरघर ऐकूनही चालवत राहिलात तर बेअरिंग तापतं, चाक हलायला लागतं आणि शेवटी जाम होऊ शकतं. गाडीवरचा ताबाच जातो, त्यामुळे ती आधी दाखवा. कटकट थोडे दिवस सोसते, पण आंबोली घाट चढायचा असेल तर तीही नको. जॉइंट तुटला की इंजिन नुसतं गुरगुरतं आणि गाडी जागची हलत नाही. अशा वेळी उतारावर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही थांबत नाही, कारण सगळा जोर तुटलेल्या बाजूला फुकट जातो. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि चाकामागे दगड लावल्याशिवाय माणसं खाली उतरवू नका.