रीडमी : मजकुराची सुधारणा आणि शोधसुलभता

रीडमी म्हणजे सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवलेली, त्या प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल. प्रकल्प काय करतो, कोणाच्या उपयोगाचा आहे, कसा इन्स्टॉल करायचा, लायसन्स कोणते, अडले तर कुठे विचारायचे, हे तिच्यात असावे अशी अपेक्षा असते. नवखा माणूस कोडकडे नंतर वळतो. पुढे वाचायचे की दुसरे काही शोधायचे, हे तो या फाइलच्या पहिल्या काही ओळींवर ठरवतो.

इतिहास : अशा फाइली १९७०च्या दशकापासून आढळतात. नाव मोठ्या रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत पडली, कारण आस्की या संगणकाच्या अक्षरक्रमात मोठी अक्षरे छोट्यांच्या आधी येतात आणि फाइलींच्या यादीत हे नाव वर दिसते. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या कोडिंग नियमांतही प्रत्येक पॅकेजसोबत रीडमी द्यावी असे सांगितले आहे. तोवर ही फाइल प्रोग्रॅम हाती आलेल्या माणसासाठी होती. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने ती रेपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या फाइली जिथे ठेवतात त्या जागेच्या, थोडक्यात ‘रेपो’च्या) पानावर फाइलींच्या यादीखालीच सजवून दाखवायला सुरुवात केली आणि तिचा वाचक बदलला. आता ती प्रोग्रॅम घ्यावा की नाही याचा विचार करणारा माणूस वाचतो, आणि सर्च इंजिनही वाचते. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडलेली मार्कडाउन ही साध्या खुणांनी मजकूर सजवण्याची लेखनपद्धत यामुळेच रीडमीची नेहमीची भाषा झाली. गिटहबच्या संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१० मध्ये तर कोडच्या आधी रीडमी लिहावी, असा आग्रह धरला.

नेमके काय राहून जाते : गिटहबवरच्या ३९३ रीडमी फाइलींचे ४,२२६ विभाग तपासणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘काय’ आणि ‘कसे’ बहुतेक ठिकाणी सापडले. प्रकल्प कशासाठी आहे आणि सध्या कोणत्या स्थितीत आहे, हे मात्र अनेक फाइलींत नव्हते. हे समजण्यासारखे आहे. लिहिणाऱ्याला आपला हेतू इतका परिचयाचा असतो की तो सांगायला हवा हे लक्षातच येत नाही. गिटहबच्याच २०१७ च्या सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा जुनाट डॉक्युमेंटेशनचा त्रास नोंदवला. ते लिहायला आपण क्वचितच हात लावतो किंवा लावतच नाही, असे ६० टक्के योगदानकर्त्यांनी सांगितले.

एक उदाहरण : समजा, जुन्या मराठी फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी एक पायथन लायब्ररी आहे. रीडमीची सुरुवात ‘अक्षरांच्या दुनियेतले क्रांतिकारी पाऊल! वेगवान, आधुनिक, सोपे’ अशी असेल, तर ती वाचून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी ‘श्रीलिपी, शिवाजी आणि कृतिदेव फाँटांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी पायथन लायब्ररी’ एवढे एक वाक्य पुरते. यात फाँटांची नावे आहेत, भाषा आहे, काम आहे. आणि साप्ताहिकाच्या जुन्या अंकांच्या फाइली घेऊन बसलेला डीटीपी ऑपरेटर सर्च करताना हेच शब्द टाइप करतो. तो ते बहुधा रोमन लिपीत टाइप करतो, ‘श्री’ आणि ‘लिपी’ कधी जोडून, कधी तोडून. म्हणून देवनागरी वाक्याखाली तेच एकदा इंग्रजीत द्यावे आणि फाँटची प्रचलित स्पेलिंगे ओघात येतील असे पाहावे. तीच स्पेलिंगे तळाशी वीस वेळा ओतण्यात अर्थ नाही. शब्दांची अशी भरताड गुगल स्पॅम समजते.

पुढे लगेच नमुना हवा. इथे ‘निसर्ग’ हा शब्द नेमका उपयोगी पडतो. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी ‘न’च्या आधी आणि रफार ‘ग’च्या नंतर, म्हणजे डोळ्याला दिसेल त्या क्रमाने साठवलेला असतो, युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनाच्या मागून येते आणि रफाराचा ‘र’ व्यंजनाच्या आधी. बदलण्यापूर्वीचा आणि नंतरचा ‘निसर्ग’ शेजारीशेजारी दाखवला की लायब्ररी अवघड भाग नीट हाताळते हे जाणकाराला कळते. एखादे जोडाक्षर अजून चुकत असेल, तर तेही तिथेच लिहावे. मर्यादा उघड सांगणाऱ्या रीडमीवर विश्वास बसतो.

शोधसुलभता : इथे एक गैरसमज पक्का बसलेला दिसतो. गिटहबवर रेपो शोधताना रीडमीतला मजकूर आपोआप तपासला जात नाही. ‘इन:रीडमी’ असे मुद्दाम लिहिले नाही, तर फक्त रेपोचे नाव, एका ओळीचे वर्णन आणि टॉपिक, म्हणजे विषयाची लेबले, पाहिली जातात. त्यामुळे रीडमीवर मेहनत करून वर्णनाची जागा रिकामी ठेवणे म्हणजे निम्मे काम सोडून देणे. टॉपिक २० पर्यंत देता येतात. गिटहबवर रेपोच्या पानाचे शीर्षक नाव आणि वर्णन जोडून तयार होते, म्हणजे गुगलच्या निकालांतही हीच ओळ दिसण्याची शक्यता मोठी. रीडमीतल्या बाहेरच्या लिंकांना गिटहब ‘नोफॉलो’ (सर्च इंजिनाने या लिंकला वजन देऊ नये) अशी खूण लावते, तेव्हा स्वतःच्या वेबसाइटच्या लिंका पेरून तिचा क्रम वर जाईल ही आशा सोडलेली बरी.

पॅकेजांच्या भांडारांचे नियम वेगळे आहेत. जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारावर वर्णन आणि कीवर्ड पॅकेजच्या जेसन फाइलमधून घेतले जातात, आणि रीडमी दुरुस्त केली तरी नवी आवृत्ती प्रकाशित केल्याशिवाय पॅकेजच्या पानावर जुनीच दिसते. पायथनच्या पायपीआय भांडारावर रीडमी हेच पॅकेजचे सविस्तर वर्णन म्हणून देता येते, पण रेपोतल्या सापेक्ष मार्गाने, म्हणजे फक्त फोल्डर-फाइलच्या नावाने, जोडलेली चित्रे तिथे दिसत नाहीत; पूर्ण पत्ता द्यावा लागतो.

मांडणी : बिल्ड, व्हर्जन, डाउनलोड, कव्हरेज असे दहा-बारा बॅज, म्हणजे स्थिती दाखवणारी छोटी चित्रे, प्रकल्पाच्या नावाखाली ओळीने लावण्याची हौस फार आहे. निमंत्रकांच्या नावांत मुहूर्त हरवलेल्या लग्नपत्रिकेसारखी मग ती रीडमी दिसते. दोन-तीन बॅज पुरतात. टर्मिनलमधली कमांड स्क्रीनशॉट म्हणून देऊ नये. ती कॉपी होत नाही, सर्च इंजिनाला नीट वाचता येत नाही आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्याला तर काहीच कळत नाही. चित्र लागतच असेल तर त्याला पर्यायी मजकूर द्यावा. ‘सुरुवात’ या शीर्षकापेक्षा ‘विंडोजवर इन्स्टॉल करणे’ हे शीर्षक चांगले, कारण गिटहब शीर्षकांवरून अनुक्रम आणि लिंका तयार करते आणि ती लिंक पुढे कोणालाही पाठवता येते. मजकूर फार वाढला तर तपशील ‘डॉक्स’ फोल्डरमध्ये हलवावा. ५०० किबीबाइटनंतरचा भाग गिटहब तसाही दाखवत नाही, पण तिथवर कोणी वाचत जाईल अशी शक्यता नाही.

अनेक प्रकल्प रीडमीची भाषांतरे स्वतंत्र फाइलींत ठेवतात आणि नावात भाषेचा संकेत घालतात. मराठीसाठी तो ‘एमआर’. भाषांतर कोणत्या आवृत्तीवरून केले हे वर लिहिलेले असावे, नाहीतर मूळ फाइलमधली कमांड बदलते आणि मराठी वाचक जुनीच चालवत बसतो. हाच धोका मूळ रीडमीलाही असतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे नवी आवृत्ती काढताना कोऱ्या मशीनवर फक्त रीडमी वाचून प्रकल्प चालवून पाहणे, आणि देखभाल थांबवली असेल तर तसे पहिल्याच ओळीत लिहून रेपो ‘आर्काइव्ह’, म्हणजे फक्त वाचण्यापुरता, करणे.