हलगी आणि डिस्टॉर्शन गिटार एकाच गाण्यात: पहिला अल्बम करणाऱ्या बँडसाठी

लोकसंगीत, शास्त्रीय आणि रॉक यांचा मेळ घालणारे सोलापूर परिसरातले बँड आमच्या स्टुडिओत येतात तेव्हा गिटार ट्यून करून तयार असते आणि गायकाचा सा अजून ठरायचा असतो. हा क्रम उलटा हवा.

आधी पट्टी ठरवा. पुरुष गायक बहुधा काळी एक ते काळी दोनमध्ये (पेटीची पहिली आणि दुसरी काळी पट्टी) मोकळे गातात, बायका काळी चार-पाचच्या आसपास. गोंधळाचा, शाहिरीचा गळा आणखी वर लागतो. काळी एक, म्हणजे सी-शार्प, ठरली तर गिटारची सर्वांत जाड तार तीन फ्रेट उतरवून सी-शार्पवर आणा, बाकीच्या पाच तारा एकेक फ्रेट उतरवा. खालच्या तीन तारा मोकळ्या छेडल्या की सा-प-सा मिळतो. नऊ गेजच्या (बारीक जाडीच्या) तारा इतक्या उतरवल्या की ढिल्या पडून फ्रेटवर खरखरतात. अकराचा जाड सेट टाका आणि ब्रिजवर इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का, ते पुन्हा तपासा. पेटी असेल तर सगळ्यांनी पेटीशी जुळवायचं, कारण तिचे सूर आयत्या वेळी बदलता येत नाहीत.

आता गंधार. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार गिटारच्या फ्रेटवरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो (एका फ्रेटचं अंतर म्हणजे १०० सेंट). साध्या आवाजात ते खपून जातं, डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावलं की दोन्ही सूर एकमेकांवर घासतात आणि दोष गायकाला लागतो. पंचमात फरक फक्त २ सेंटचा. म्हणून गायक गंधारावर ठेहराव घेतो तिथे गिटारने सा-प एवढंच धरावं. डिस्टॉर्शन लागतंच असंही नाही: दिल्लीच्या इंडियन ओशनचा पहिला अल्बम १९९३ साली आला, तेव्हा बँडचा कणा गिटार आणि तबला हाच होता.

हलगीचं चामडं पावसाळ्यात सैल पडतं, उन्हाळ्यात ताणतं. शेकून चढवलेला आवाज एसीच्या खोलीत टिकत नाही आणि तिसऱ्या टेकची हलगी पहिल्याला जुळत नाही. दर टेकआधी पुन्हा शेका. त्यासाठी हिटर आमच्याकडे आहे. शेकोटी मात्र आवारातच. माईक डायनॅमिक घेतो, दोन-अडीच फुटांवर, जरा तिरका. चाचणीला हळू वाजवणारा टेकला हमखास जोर धरतो, म्हणून चाचणीतच पूर्ण ताकदीने वाजवा. लेव्हल उणे १२ डेसिबलपाशी ठेवली (शून्य ही फाटण्याची हद्द) की टोला फाटत नाही. टाळ सगळ्यांसोबत घेऊ नका. त्याची किणकिण गायकाच्या माईकमध्ये शिरली की मिक्सिंगमध्ये काढता येत नाही.

हलगीची लय चढत जाते, तो काही दोष नाही. मिनिटाला ९६ ठोक्यांवर सुरू झालेलं गाणं १०८ ला संपलं तरी चालतं. तिच्यावर सरळ क्लिक (कानात वाजणारा ठरावीक लयीचा ठोका) लादला की वाजवणारा अवघडतो आणि गाणं मरगळतं. त्यामुळे आम्ही आधी गायक आणि हलगी क्लिकशिवाय घेतो, त्या लयीचा टेम्पो मॅप (लय कुठे किती चढली याची नोंद) सॉफ्टवेअरमध्ये बनवतो आणि ड्रमरला तोच क्लिक देतो. याला अर्धी शिफ्ट जाते, ती धरूनच बुकिंग करा.

रूपक तालात ड्रमरचा घोळ ठरलेला. मात्रा सात, विभाग ३-२-२, आणि समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, 'खाली' (बिनजोराची मात्रा). पहिल्या मात्रेवर दणकून किक मारली की तबल्याशी भांडण. किक चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर द्या. झपतालाला २-३-२-३ मोजा, केरव्याला काही सांगायला नको.

फायनल फाइल २४ बिट वेव्हमध्ये मिळते. मास्टर कितीही जोरात केला तरी स्पॉटिफाय तो साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणून ठेवतं, तेव्हा 'अजून लाऊड करा' या आग्रहाने हलगीचा टोलाच चेपला जातो.

हक्कांचं रेकॉर्डिंगआधी बघा. कर्ता माहीत नसलेलं पारंपरिक गीत किंवा संतांचा अभंग वापरायला हरकत नाही, पण त्याची गाजलेली चाल कुणा संगीतकाराची असू शकते, आणि तिच्यावर हक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. हयात शाहिराची रचना असेल तर लेखी परवानगी लागते, तोंडी होकार पुरत नाही. बाहेरून बोलावलेल्या हलगीवाल्याचे, संबळवाल्याचेही कलावंत म्हणून हक्क असतात. मानधन, श्रेयनामावलीतलं नाव आणि प्रकाशनाची संमती एका कागदावर घेऊन त्याची प्रत पहिल्या शिफ्टला आमच्याकडे द्या.