नाद लागतो तो कसा?

गाणं पाठ होतं. छोट्या ट्रान्झिस्टरवर, घरातल्या बाकीच्या गोंगाटात, किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. मग एकदा मित्राच्या थोरल्या भावाच्या खोलीत, दोन मोठ्या स्पीकरसमोर बसून तेच गाणं ऐकलं आणि दुसऱ्या कडव्याआधी गायिकेनं घेतलेला श्वास ऐकू आला. अंगावर सर्रकन काटा! इतकी वर्षं तो श्वास तिथेच होता. ऑडिओच्या नादी लागलेल्या माणसांना विचारून बघा, बहुतेक जण थोड्याफार फरकानं हीच गोष्ट सांगतात.

गाणं ओळखीचं असणं इथे महत्त्वाचं. गाणं ऐकताना मेंदू सतत पुढच्या सुराचा अंदाज बांधत असतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली, ज्यांच्या अंगावर संगीतानं हमखास काटा येतो अशा लोकांना त्यांच्याच आवडीची गाणी ऐकवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. डोपामिन हे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन दोन टप्प्यांत स्रवताना दिसलं. आवडती जागा जवळ येतेय याची चाहूल लागताच मेंदूच्या एका भागात, आणि ती जागा प्रत्यक्ष आली की दुसऱ्या भागात. म्हणजे वाट पाहण्याचंही सुख असतं. अशा पाठ झालेल्या वाटेवर अचानक काही नवं सापडलं, तर मेंदू दचकणारच, आणि हे दचकणं सुखाचं असतं.

पण मग ट्रान्झिस्टरवर तेच गाणं अपुरं का वाटत नव्हतं? ही मेंदूची चलाखी. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण 100 ते 120 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, आसपास असतो. तळहाताएवढा स्पीकर तो धड वाजवूच शकत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे स्वर मात्र तो वाजवतो, आणि त्यांच्यावरून मेंदू हरवलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणून फोनवरही बाबांचा आवाज बाबांचाच वाटतो. मोठ्या स्पीकरवर तो स्वर खरोखर हवेत उमटतो आणि थेट छातीत जाणवतो.

दुसरी जादू जागेची. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला फार तर 0.7 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, पण दिशा ओळखायला मेंदूला तेवढं पुरतं. दोन्ही स्पीकरमधून सारखाच आवाज आला की गायिका बरोबर मधोमध, जिथे काहीच नाही अशा रिकाम्या हवेत उभी राहते. ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्यानं 1931 मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याच भ्रमाच्या जोरावर. मला विचाराल तर माणूस फसतो तो इथेच.

आणि फसवणूकही इथूनच सुरू होते! अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवलं की आवाज लहान असला की खर्जातले स्वर कानाला फारच क्षीण लागतात. आवाज वाढवला की ते भरून येतात. त्यामुळे दुकानात दोन स्पीकर शेजारी-शेजारी ऐकवले, तर जरा मोठ्यानं वाजणारा हटकून 'भारी' वाटतो. तुलना करायची तर आधी दोन्हींचे आवाज सारखे करून घ्यावेत. महागड्या वायरींनी आवाज सुधारतो का, याबद्दल मी इथे बोलत नाही, भांडणं होतात.

हा नाद पोरवयात लागला तर सहसा सुटत नाही. वयाच्या साधारण दहा ते तीस या काळातल्या आठवणी पुढे जास्त ठळक राहतात, आणि त्या वयातली गाणीही.

नवलाई मात्र टिकत नाही. नवा ॲम्प्लिफायर आणला की पहिले काही दिवस प्रत्येक गाणं नवं वाटतं, मग मेंदू तेही पाठ करतो. हौशी मंडळी पुन्हा खिशात हात घालतात. त्याआधी स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून बघावेत. 40 हर्ट्झच्या खर्ज स्वराची लाट साडेआठ मीटर लांब असते, त्यामुळे खोलीच्या भिंती त्याला कुठे फुगवतात, कुठे गिळून टाकतात. ओढायला पैसे पडत नाहीत.

नवीन स्पीकर ऐकायला गेलो की मी अजून तेच गाणं लावतो. दुसऱ्या कडव्याआधी श्वास येतो, ठरल्या जागी येतो. काटा हल्ली दुसऱ्याच गाण्यांना येतो.