भिंत ओतणारा नगर वास्तुकार

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये घरांची तीव्र टंचाई होती. १९२५ मध्ये महापौर लुडविग लांडमान यांनी वास्तुकार एर्न्स्ट माय यांच्याकडे शहराच्या बांधकाम खात्याची धुरा दिली. माय मूळचे फ्रँकफर्टचेच. तरुणपणी त्यांनी इंग्लंडमध्ये नगररचनाकार रेमंड अन्विन यांच्या हाताखाली काम केलं होतं, नंतर तेव्हाच्या पूर्व जर्मनीकडच्या सायलेशिया प्रांतात ग्रामीण घरबांधणी सांभाळली होती.

विटेवर वीट रचण्यात जाणारा वेळ त्यांना वाचवायचा होता. म्हणून त्यांनी भिंतीचे तयार ठोकळेच कारखान्यात ओतायला सुरुवात केली. ३ मीटर लांब, १.१ मीटर उंच आणि २० सेंटिमीटर जाड असा एक ठोकळा क्रेनने उचलून थेट जागेवर बसवायचा. एवढा मोठा ठोकळा साध्या काँक्रीटचा केला तर तो फार जड होतो आणि खोलीतली ऊबही झपाट्याने बाहेर जाते. त्यामुळे खडीऐवजी प्युमिस वापरला. ज्वालामुखीच्या उद्रेकात लाव्ह्यातला वायू फसफसून बाहेर पडतो आणि लाव्हा तसाच गोठतो, तेव्हा हा सच्छिद्र दगड तयार होतो. छिद्रांत अडकलेल्या हवेतून उष्णता सावकाश वाहते. वजनही घटतं आणि ऊबही टिकते. ऱ्हाइनकाठच्या नॉयवीड खोऱ्यात अशा दगडाचे जाड थर आहेत.

घराच्या आतही वेळ वाचवण्याचा हाच विचार होता. त्यांच्या चमूतल्या मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये स्वयंपाक करणारीच्या हालचाली आणि त्यांना लागणारा वेळ हिशेबात घेऊन जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. अशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ही पणजीच. नीडा नदीच्या खोऱ्यातली र‍्योमरश्टाट वसाहत तर संपूर्ण विजेवर चालणारी होती.

पाच वर्षांत १२ हजारांहून अधिक घरं उभी राहिली. पण माझ्या मते या यशात एक मोठी उणीव राहिली: सर्वांत गरीब कामगारांना त्यातल्या बऱ्याच घरांचं भाडं झेपत नव्हतं. १९२९ मध्ये फ्रँकफर्टला भरलेल्या आधुनिक वास्तुकारांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा विषयही हाच होता, जगण्यापुरतं किमान घर कसं असावं.

त्याच वर्षी आर्थिक मंदी आली आणि निधी आटला. १९३० मध्ये माय सहकाऱ्यांसह सोव्हिएत संघात गेले आणि तिथे माग्नितोगोर्स्कसारख्या नव्या औद्योगिक शहरांच्या आराखड्यांवर काम केलं. नाझी सत्तेवर आल्यावर त्यांनी पूर्व आफ्रिका गाठली. १९५४ मध्ये ते जर्मनीला परतले आणि हॅम्बुर्गमध्ये पुन्हा सामूहिक गृहनिर्माणाच्याच कामाला लागले.